म्हातारपणी झोप कमीच लागते म्हणे!

परवा रविवारी माझा भाचा आणि त्याची बायको लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. लग्न डिसेंबरात आहे. चहा झाला, लाडू झाले, मग भाचा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "आत्या, तुझ्या सोयीसाठी म्हणून मुद्दाम इकडचंच लॉन घेतलंय. ओढा ओलांडला की मांडव. तुला प्रवासाचा त्रासच नको."

मला खरंच बरं वाटलं. पण शिक्षिकेची जात, वेळापत्रक विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "आदल्या रात्रीचं ते संगीत का काय, ते किती वाजेपर्यंत?"

"डीजे आहे ना, बारा-साडेबारा तरी होतील."

"अरे, आणि आमच्या झोपेचं काय?"

यावर तो हसून म्हणाला, "अगं आत्या, एका रात्रीचा तर प्रश्न. आणि तुम्हा म्हाताऱ्या माणसांना तशीही झोप कमीच लागते!"

मंडळी, भाचा गुणी आहे. माझ्या गुडघ्यांसाठी पट्टे आणून देणारा आहे. म्हणून त्याच्यावर रागवायला मन होईना. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. गेली दोन वर्षं हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून लिहायला बसले आहे. घरातली मंडळी हे पान वाचतात, हे मला माहीत आहे. वाचावं म्हणूनच लिहितेय.

माझं म्हणणं सरळ आहे. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला झोप ही चैन नव्हे, ती औषधाचा भाग आहे. जो आमची झोप मोडतो, तो आमच्या गुडघ्यांवर घाव घालतो. मग तो डीजेवाला असो, घरचा माणूस असो, नाहीतर "झोप कशी लागते?" हा एक प्रश्न कधीच न विचारणारा डॉक्टर असो.

आता माझी कहाणी थोडक्यात. वय चौऱ्याहत्तर. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, तोही उभं राहून. निवृत्तीनंतर पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या वाटेवर, सासरच्या जुन्या घरात येऊन राहिले. दोन्ही गुडघ्यांची झीज, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका. खडूने दिलेलं बक्षीस म्हणा हवं तर. (खडू बिचारा निर्दोष असेल, पण मी त्याला दोष देते.)

ज्यांच्याकडे मी गुडघ्यांसाठी जायचे त्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वजन केलं, जिना चढता येतो का विचारलं, मांडी घालता येते का विचारलं. दुखणं थांबवायची गोळी दिली. पुढच्या खेपेला मी आपणहून म्हटलं, की रात्री झोप लागत नाही. तर त्यांनी त्याच कागदावर खाली झोपेची गोळी लिहिली. वरची ओळ दुखण्याची, खालची ओळ झोपेची. या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे ना ते बोलले, ना मला सुचलं.

सुचलं ते वहीमुळे. जुनी सवय म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात मी एक रेघांची वही केली. डाव्या रकान्यात रात्री किती वेळा जाग आली ते, उजव्या रकान्यात सकाळी तुळशीकडे जाणाऱ्या तीन पायऱ्या उतरताना किती दुखलं, त्याला दहापैकी गुण. महिन्याभरात दिसायला लागलं, की रविवार आणि सोमवार माझे सगळ्यात वाईट वार. मला वाटलं, शनिवार-रविवारी पाहुणे येतात, ओट्यापाशी जास्त उभं राहणं होतं, म्हणून असेल. मग जुलैमध्ये लागोपाठ दोन शनिवार असा काही पाऊस कोसळला, की ओढ्यापलीकडच्या फार्महाऊसवर कुणी फिरकलंच नाही. मुळशीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगणार! भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, अंथरुणसुद्धा दमट. सगळे म्हणतात, अशा हवेत सांधे जास्त धरतात. आणि माझ्या वहीत त्या दोन रविवारी गुण निम्म्याने कमी. गुडघे तेच, एक्स-रे तोच, गोळी तीच. फरक एवढाच, की शनिवारी रात्री मी सलग झोपले होते.

एका बाईची वही म्हणजे शास्त्र नव्हे. वर्गात मीच मुलांना सांगायचे, की एका उदाहरणावरून नियम बांधू नका. म्हणून नातीला कामाला लावलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए.पर्यंत, वैद्यकातलं इंग्रजी मला झेपत नाही. तिने निबंध शोधले, वाचले आणि दोन सुट्ट्यांमध्ये मला समजावून दिले. मी फळ्यावर प्रश्न विचारावेत तसे उलट प्रश्न विचारून तिचा जीव खाल्ला. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

१९७५ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये मोल्डोफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. निरोगी माणसांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि ती गाढ झोपेत शिरू लागली की आवाज करून त्यांची गाढ झोप मोडली. नीट लक्ष द्या, आवाज करून! काही रात्रींत त्या धडधाकट माणसांचं अंग दुखायला लागलं, स्नायू दाबले की ठणकायला लागले. ना त्यांना संधिवात, ना वय झालेलं.

दुसरा प्रयोग २००७ चा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा. त्यात ३२ निरोगी स्त्रिया होत्या. काहींना रात्री वारंवार उठवलं. काहींना तेवढीच कमी झोप मिळू दिली, पण सलग. आपल्या शरीरात वेदना दाबून धरणारी एक यंत्रणा असते. ज्यांना वारंवार उठवलं त्यांची ती यंत्रणा ढिली पडली आणि आपोआप होणारी अंगदुखी वाढली. ज्यांची झोप कमी पण सलग होती, त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या तासांचा नाही, झोप तुकड्यातुकड्यांनी होते याचा आहे. "दुपारी झोपून घ्या ना आजी, भरून निघेल" असं सांगणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावं.

तिसरा प्रयोग तर वाचून माझ्या अंगावर काटा आला. २०१२ सालचा, लॉस एंजेलिसमधला. आमवात असलेली २७ माणसं आणि निरोगी २७ माणसं. त्यांना रात्री अकरापासून पहाटे तीनपर्यंत जागं ठेवलं, मग झोपू दिलं. सकाळी आमवाताच्या रुग्णांचं दुखणं वाढलेलं होतं, आणि दुखणाऱ्या सांध्यांची संख्यासुद्धा. एकाच रात्रीत! अकरा ते तीन. ओढ्यापलीकडचे पाहुणे शनिवारी नेमका हाच तास-दर-तास प्रयोग माझ्यावर करतात, फक्त निबंध लिहीत नाहीत. (आमवात वेगळा आणि माझी झीज वेगळी, हे मला माहीत आहे. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. पण मेंदू दोघांचा सारखाच असतो.)

मेंदूचं म्हणाल तर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी रात्रभर जागलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. वेदनेची वर्दी घेणारा भाग जास्त भडकलेला, आणि ती वर्दी तोलून सौम्य करणारे भाग मंदावलेले. म्हणजे दार वाजवणारा तोच, पण घरातल्याला प्रत्येक टकटक हातोड्यासारखी ऐकू येते.

आता कुणी म्हणेल, "बाई, तुम्ही उलटं सांगताय. दुखतं म्हणून झोप लागत नाही." बरोबर आहे, तसंही होतं. कूस बदलताना गुडघ्यातून कळ आली की जाग येतेच. पण २०१३ साली अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असं दिसलं की वाईट झोपेवरून पुढच्या दुखण्याचा अंदाज जितका पक्का बांधता येतो, तितका दुखण्यावरून पुढच्या झोपेचा बांधता येत नाही. चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं, पण झोपेच्या बाजूने जास्त जोरात ढकललं जातं. मग आपण सगळे गोळ्या आणि तेलं घेऊन फक्त गुडघ्याच्या बाजूलाच का बसलो आहोत?

आपल्याकडे हे नवीन नाही हो. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, आणि रात्रीचं जागरण रूक्षता वाढवतं असंही म्हटलं आहे. माझी आजी शाळेत गेली नव्हती, तरी "जागरणाने वात वाढतो" म्हणायची. आम्ही शिकलो आणि ते विसरलो.

आता भाच्याच्या मूळ वाक्याकडे येते. म्हातारपणी झोप कमी लागते? नाही. म्हातारपणी झोप कमी येते. "लागणं" या शब्दाने आपल्याला फसवलंय. गरज असणं आणि मिळणं या दोन गोष्टी आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने वयानुसार झोपेच्या शिफारशी दिल्या. २६ ते ६४ वयासाठी सात ते नऊ तास, आणि ६५ च्या पुढे सात ते आठ. एवढाच फरक. कमी होते ती गाढ झोप. वयाबरोबर तिचा वाटा घटत जातो, जाग पटकन येते, पुन्हा डोळा लागायला वेळ लागतो. म्हणजे आमच्या खात्यात शिल्लक आधीच थोडी. ती चोरली तर चालेल, कारण मुळात थोडीच आहे, असं म्हणता येईल का? पेन्शनरचे पैसे मारणाऱ्याने, "तुम्हाला तसाही खर्च कमीच असतो", असं म्हणावं, तसलाच हा न्याय.

आता आमच्या मुळशीबद्दल. पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, भूगाव, पिरंगुट मागे टाकलं की पूर्वी भातखाचरं आणि डोंगर सुरू व्हायचे. आता लॉन, रिसॉर्ट आणि फार्महाऊसच्या पाट्या सुरू होतात. हिंजवडीसुद्धा याच तालुक्यात, तेव्हा आठवडाभर संगणकापुढे थकलेली तरुण मुलं शनिवारी मोकळी व्हायला इकडे येतात. येऊ देत, मला आनंदच आहे. पण डोंगरांच्या मधल्या या गावांत रात्री दुसरा आवाजच नसतो. इथे स्पीकरची धडधड पार पलीकडच्या वाडीपर्यंत जाते. खिडकी लावली की गाण्याचे शब्द थांबतात, धडधड थांबत नाही. ती भिंतीतून येते, खाटेतून येते आणि छातीत बसते.

मी एकदा टॉर्च आणि काठी घेऊन ओढ्यापलीकडे गेले होते. तिथला व्यवस्थापक नम्र होता. म्हणाला, "आजी, पोरं आहेत, आठवड्यातून एकदा मजा करतात. तुम्ही कानात कापूस घाला." मी त्याला म्हटलं, बाळा, कापूस कानात घालता येतो, गुडघ्यात कसा घालू? त्याला काही कळलं नाही. मलाही तेव्हा नीट समजावता आलं नाही. आज समजावतेय.

आणि हा माझ्या सोयी-गैरसोयीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाजसुद्धा त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. बंद सभागृहातल्या कार्यक्रमाला सवलत आहे, पण लॉन म्हणजे सभागृह नव्हे, त्याला आकाशाचं छप्पर आहे. राज्य सरकार सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. त्या पंधरा दिवसांत कुणाचा वाढदिवस आणि कुणाची ऑफिसची पार्टी बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे सगळं सविस्तर निकालात सांगितलं आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या बाहेरच्या आवाजाची मर्यादा ४० डेसिबलच सुचवली, ती झोप आणि आरोग्य डोळ्यांसमोर ठेवूनच.

"पण रोजगार मिळतो ना," हे दुसरं वाक्य लगेच येतं. मिळतो. कसा मिळतो तेही सांगते. आमच्या वाडीतले एक गृहस्थ, सत्तरीला टेकलेले. जमीन विकली, पैसे पोरींच्या लग्नात आणि घरात गेले. आता त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्याचे ते रात्रीचे वॉचमन आहेत. गुडघे माझ्यापेक्षा वाईट. रात्रभर खुर्चीत, दिवसा पत्र्याच्या खोलीत डुलक्या. ते दुकानातून दुखण्याची गोळी पट्टीने घेतात आणि पेढ्यासारखी खातात. अशा गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हींना महाग पडतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर म्हणाले, "बाई, गोळी सोडली तर राउंड कोण मारणार?" या तालुक्याने १९२१ मध्ये धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो मी मुलांना दरवर्षी शिकवला. जमीन जाणं डोळ्यांना दिसतं. माणसाची झोप गेली तर ती कुठल्या सातबाऱ्यावर दिसायची?

तेव्हा फार्महाऊस बंद करा असं मी म्हणत नाही. दहा वाजता स्पीकर बंद करा, आणि साठीपुढच्या माणसाला रोजची रात्रपाळी देऊ नका, एवढंच म्हणते. यात कुणाचा रोजगार बुडतो?

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझ्या सासूबाई याच घरात राहिल्या. त्यांचे गुडघे सुजायचे. त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत ठेवली होती, कारण तिथून मोरी जवळ. त्याच खोलीत टीव्ही. अकरा वाजेपर्यंत आमच्या मालिका, मग मुलांची मॅच, पहाटे पाचला दुधवाल्याची कडी. त्या रात्री कण्हायच्या, आणि सकाळी मी शाळेच्या घाईत म्हणायचे, "दिवसा झोपता ना, मग रात्री कशी लागेल झोप?" अगदी शिक्षिकेच्या आवाजात. त्या गप्प बसायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "मला मागच्या अंधाऱ्या खोलीत टाक गं, मोरीपर्यंत मी जाईन हळूहळू." मी ते केलं नाही. लोक काय म्हणतील, म्हातारीला अंधाऱ्या खोलीत ठेवलं म्हणतील, म्हणून केलं नाही. त्यांना काय हवं होतं ते मला आज कळतंय. मागची खोली आज माझी आहे.

म्हणून डीजेवाल्यावर बोट रोखताना माझ्याकडे वळलेली तीन बोटं मी लपवत नाही. आपल्या घराघरांत म्हाताऱ्यांची खाट दिवाणखान्यात असते आणि दिवाणखाना घरात सगळ्यात शेवटी झोपतो. आपण त्यांना मऊ गादी घेऊन देतो, महागडं तेल आणतो, पण टीव्ही दहाला बंद करत नाही. गादी विकत मिळते. शांतता घरातल्यांनी द्यावी लागते.

मग करायचं काय? झोपेची गोळी हा उपाय नाही, निदान कायमचा नाही. साठ-सत्तरीच्या पुढे या गोळ्यांनी तोल जातो, रात्री उठताना माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं. म्हणून वृद्धांना त्या शक्यतो देऊ नयेत असं वैद्यकातच सांगितलेलं आहे. (ज्या कुणी घेत असतील त्यांनी माझं वाचून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.)

दुसरी एक पद्धत आहे, विचार आणि सवयी बदलून निद्रानाश घालवायची. तिच्यात जादू नाही. रोज ठरल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. डोळे मिटायला लागल्यावरच अंथरुणावर जायचं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, काहीतरी कंटाळवाणं वाचायचं. अंथरुणात काळज्या करायच्या नाहीत. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. सकाळी उन्हात बसायचं. चारनंतर चहा नाही (हे मला सगळ्यात जड गेलं). जे घोरतात आणि घोरता घोरता श्वास अडकतो त्यांनी आणि लघवीसाठी चार-चार वेळा उठतात त्यांनी डॉक्टरांना ते मुद्दाम सांगायचं, कारण त्याला वेगळे उपाय असतात.

याचा गुडघ्यांना उपयोग होतो का? खरं तेच सांगते, वाढवून नाही. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला सांध्यांची झीज आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या वृद्धांवर याचे प्रयोग झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसलं, की ज्यांची झोप पहिल्या दोन महिन्यांत सुधारली, त्यांचं दुखणं आणि थकवा दीड वर्षापर्यंत कमी राहिला. २०२१ च्या प्रयोगात साठीपुढच्या ३२७ जणांपैकी निम्म्यांना हे सगळं नुसतं फोनवरून शिकवलं. त्यांची झोप सुधारली ती वर्षभर टिकली, दुखण्यातला आराम मात्र थोडा होता आणि तितका टिकला नाही. म्हणजे झोपेने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम, वजन आणि औषध सुटत नाही. पण ज्या गोष्टीने दुखणं सुसह्य होतं, थकवा कमी होतो, व्यायामाला उठावंसं वाटतं, आणि जिला एक पैसा लागत नाही, तिच्याबद्दल आपल्या दवाखान्यांत एक प्रश्नसुद्धा विचारला जाऊ नये?

डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे गर्दी असते, वेळ नसतो, मान्य. पण "जिना चढता येतो का?" याच्या शेजारी "रात्री किती वेळा जाग येते?" हा प्रश्न घाला. पाच शब्द आहेत. आणि उत्तर आलं तर लगेच गोळी लिहू नका, आधी "कशाने जाग येते?" हे विचारा. कुणी सांगेल गुडघ्याने, कुणी सांगेल लघवीने, कुणी सांगेल टीव्हीने. आणि आमच्या मुळशीतली माणसं सांगतील, डीजेने.

माझ्या वयाच्या बायकांनाही सांगणं आहे. आपणच हे वाक्य पसरवलंय. "मला काय, चार तास पुरतात," हे आपण अभिमानाने सांगतो, जणू कमी झोपणं हा घरासाठी केलेला त्याग आहे. चार तास पुरत नाहीत हो. आपण पुरवतो, आणि हिशेब गुडघ्यांकडून वसूल होतो.

राहता राहिला भाचा. तर बाळा, हे तू वाचशीलच. तुझी लेक माझ्या मांडीवर खेळली आहे, तेव्हा मांडी घालता येत होती. तिच्या लग्नाला मुहूर्ताच्या अर्धा तास आधी मी नऊवारी नेसून हजर असेन, अक्षता टाकीन, पंगतीत आग्रह करीन. पण आदल्या दिवशीचं संगीत दहाच्या ठोक्याला बंद होणार असेल तरच मी त्याला येईन. पाच वाजता सुरू करा, पाच तास नाचा. पहिलं गाणं हवं तर मी म्हणते, पेटी घेऊन. आणि दहानंतर आवाज आला, तर ११२ नंबरवर फोन करणारी पहिली व्यक्ती नवऱ्या मुलीची आत्याआजी असेल. मग फोटोत पोलीस आले तर मला म्हणू नकोस.

तू म्हणालास, एका रात्रीचा तर प्रश्न. खरं आहे. पण लॉनवाल्याकडे प्रत्येक शनिवारी कुणाचा तरी भाचा हेच म्हणत असतो. आणि ओढ्याच्या अलीकडे मी एकटी राहत नाही. इथे अकरा घरं आहेत, त्यातल्या सात घरांत कुणी ना कुणी माझ्यासारखं खाटेवर कूस बदलत असतं. मी मोजलंय, वहीत आहे.

असो. रात्रीचे साडेनऊ झाले, लेख लांबला. आज मंगळवार आहे, पलीकडे शांत आहे. भाच्याचं उत्तर आलं की कळवीन. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट कुठे आहे, आणि त्या खोलीतला दिवा किती वाजता विझतो, ते आज रात्री एकदा बघा आणि मला लिहा.